दुसरं पिंपळगाव

द्राक्षाचा पहिला मणी दाताखाली फुटला, थंडगार पातळ रस जिभेवरून घशात उतरला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे फळ इतकं गोड असायला नको होतं. फाल्गुनाचे दिवस होते. अंगणातल्या कडुनिंबाची पानं दिवसभर गळत होती, भिंतीला टेकून ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरही दोन-चार पडली होती. खोका नाशिकहून आला होता, माझ्या मैत्रिणीनं, कुंदानं, पाठवलेला. आत कागदाच्या कातरणांची मऊ गादी आणि तिच्यावर निजवलेले लांबट, पोपटी, पारदर्शक कांतीचे घड! मी एक मणी खाल्ला, दुसरा खाल्ला, अर्धा घड संपवला आणि मग खोका फाडकन मिटून कपाटाखाली ढकलला. रागानं खाल्लेली वस्तूसुद्धा गोड लागावी, यासारखा अपमान नाही.

तुला खरं सांगते, वाचका, मला मत्सर झाला होता. पस्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. हेवा, असूया आणि मत्सर यांतला भेद फळ्यावर लिहून समजावला. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळही असावं असं वाटणं म्हणजे हेवा, दुसऱ्याच्या गुणात खोड काढत बसणं म्हणजे असूया, आणि त्याच्याजवळ ते मुळी नसावंच असं वाटणं म्हणजे मत्सर. साठी उलटल्यावर मला ही तिन्ही एकदम जडली, आणि तीही माणसाबद्दल नव्हे, एका अख्ख्या जिल्ह्याबद्दल. त्याच्या टेकड्या, त्याचं पाणी, त्याच्या द्राक्षवेली, सगळ्यांवर मी घरबसल्या जळत होते. हसू आलं ना? मलाही दुसऱ्या कुणाचं असतं तर आलं असतं.

कुंदा आणि मी पिंपळगाव राजाच्या एकाच शाळेत शिकवलं आणि एकाच गल्लीत राहिलो. तिच्या न्हाणीघराची भिंत आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एक. ती गणिताची, मी मराठीची. ती कमी बोलायची आणि मी तिच्या वाट्याचंही बोलून घ्यायची. कुंदाचे यजमान लग्नानंतर पाचव्या वर्षी गेले. एक मुलगी पदरात, तिला वाढवण्यात तिचं तारुण्य सरलं. माझा संसार भरलेला होता, तरी रविवार मात्र मी कुंदासाठी राखून ठेवला. दिवाळी झाली, हवेत गारवा आला, की महिन्यातून एका रविवारी आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं निघायचो आणि दिवेलागणीला परत यायचो. नियम एकच होता. ठिकाण एकीनं ठरवायचं, डबा दुसरीनं आणायचा, आणि ठिकाणाला किंवा डब्याला कुणी नावं ठेवायची नाहीत.

काय काय पाहिलं आम्ही त्या रविवारांत! मोताळ्याकडून राजूरच्या घाटात शिरलं, की कार्तिकात रस्त्याच्या दोन्ही अंगांना झुडपांवर पिकत आलेली सीताफळं डोळे उघडत असायची आणि बुलढाण्याचा थंड वारा खिडकीतून थेट कानात घुसायचा. लोणारच्या कड्यावर उभं राहिलं, की खाली ते प्राचीन, क्षारमय, हिरवट पाणी कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखं निश्चल पडलेलं असायचं, आणि रानातून मोर ओरडला की त्याचा आवाज पूर्ण वर्तुळ फिरून यायचा. मेहकरला बालाजीच्या काळ्याभोर, भव्य मूर्तीसमोर कुंदा डोळे मिटून फार वेळ उभी राहायची. तिथंच पैनगंगेच्या बाजूला एका नर्तकीच्या महालाचे अवशेष आहेत. तिला म्हणे वरच्या मजल्यावरून लोणारच्या देवीचा दिवा पाहायचा होता, आणि त्या हव्यासापायी ती दगड झाली. तेव्हा मी त्या गोष्टीला हसले होते. दूरच्या गावातला दिवा पाहण्यात एवढा काय अपराध, असं मी कुंदाला विचारलं होतं. तिनं डबा सोडला.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कुंदाची मुलगी तिला नाशिकला घेऊन गेली. जाताना कुंदानं घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "सालभर राह्यतो वं निमे, नातीले पायतो, मंग येतो वापस," असं ती म्हणाली. आमच्या वऱ्हाडात बायाही 'येतो', 'जातो' असंच म्हणतात. त्यात काही चुकीचं आहे हे आम्हाला पुस्तकं वाचेपर्यंत ठाऊक नसतं. मी ती किल्ली देवघरात ठेवली आणि वर्ष मोजायला सुरुवात केली.

चार महिने झाले आणि मोबाइलवर छायाचित्रं येऊ लागली. गंगापूरच्या धरणाचं निळं पाणी आणि काठाला उतरत गेलेल्या वेलींच्या रांगा. सपाट माथ्याचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी तारांवर चढवलेला हिरवा मांडव. एका दगडी इमारतीत लाकडाची आडवी पिंपं, आणि त्यांच्यापुढं उंच दांड्याचा पेला धरून उभी असलेली माझी कुंदा. जवळजवळ प्रत्येक चित्रात तिच्या शेजारी आणखी एक बाई असायची. केस पांढरेच ठेवलेले, काळा चष्मा, अंगात कुर्ता, हातात गाडीची किल्ली. या वर्षाताई. त्यांच्याच इमारतीत राहणाऱ्या, साठीच्या, स्वतः गाडी चालवणाऱ्या. दर रविवारी त्या कुंदाला घेऊन निघायच्या आणि संध्याकाळी परत आणून सोडायच्या.

वाचलंस ना? दर रविवारी. आमचा महिन्यातून एक होता.

मग मी जिल्ह्याला जिल्हा लावून पाहू लागले. आमच्याकडे काय कमी आहे, असं स्वतःला विचारायची आणि उत्तर यायच्या आतच चिडायची. आमच्याकडे कापूस आहे, तूर आहे, सोयाबीन आहे. पण कपाशीच्या वावरात टेबलं मांडून कुणी पाहुण्यांना बसवलं आहे का? बोंड फुटण्याचा सोहळा पाहायला पुण्या-मुंबईची माणसं कधी आली आहेत का? नांदुऱ्याला एवढा थोरला मारुती उभा आहे, पण रेल्वेतली माणसं खिडकीतून हात जोडतात आणि पुढं निघून जातात. त्या नाशिकला गोदावरी, त्या नाशिकला राम, आणि वरून द्राक्षंही त्यालाच! देवानं वाटणी करताना थोडं इकडं पाहिलं असतं तर काय बिघडलं असतं? एकाच पानात सगळी पक्वान्नं वाढायची ही कुठली रीत? असं म्हणत मी ती चित्रं पुन्हा पुन्हा मोठी करून पाहायची. कुंदाच्या तोंडावर जे हसू होतं ते मी लोणारला कधी पाहिलं होतं का, हे आठवायचा प्रयत्न करायची.

माघातल्या शेवटच्या गुरुवारी तिचा फोन आला. आवाज तुटत होता. "निमे, या रविवारी पिंपळगावले जमवलं वं एकदाचं. वर्षाताईची गाडी आहे. सकाळीच निघतो." मी काही विचारायच्या आत फोन कटला. पुन्हा लावला नाही. आपल्याला फार आनंद झाला आहे हे तिला कळू नये, इतका मला आनंद झाला होता.

त्या तीन दिवसांत मी काय केलं हे आज लिहिताना मला लाज वाटते. कुंदाचं घर उघडलं, झाडलं, पुसलं, पाण्याचा माठ भरून ठेवला. वर्षाताईंना काय काय दाखवायचं याची मनाशी उजळणी केली: सोमवारी लोणार, मंगळवारी मेहकर. पाहू द्या म्हटलं बाईंना, पाणी म्हणजे काय असतं ते. रविवारी पहाटे उठून गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, आणि वाट लांबची असूनही दहा वाजताच नवी साडी नेसून स्टँडवर जाऊन उभी राहिले. नाशिकची गाडी गावात येईल ती तिथूनच वळणार होती.

स्टँडसमोर हमीदभाईंचं शिलाईचं दुकान आहे. माझ्या आणि कुंदाच्या निम्म्या आयुष्याची पोलकी त्यांनी शिवली. अकरा वाजता त्यांनी मशीन थांबवून बाहेर पाहिलं. "म्याडम, उन्हात काऊन उभ्या? अंदर बसा ना. कोनाची राह पाहून राह्यल्या?" मी ऐटीत सांगितलं, की कुंदा येते आहे, नाशिकहून, गाडीनं. त्यांनी स्टूल पुसून दिलं. बारा वाजले, एक वाजला. खामगावची गाडी आली, नांदुऱ्याची आली, उतरायची ती माणसं उतरली. हमीदभाई काही विचारत नव्हते, आणि त्यांचं ते न विचारणं मला जास्त लागत होतं. दीड वाजता मोबाइल वाजला. चित्र होतं. द्राक्षांच्या मांडवाखाली कुंदा आणि वर्षाताई, हातात घड, आणि खाली कुंदानं टंकलेलं: 'पिंपळगावला. फार मजा आली.'

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नाशिक जिल्ह्यातही एक पिंपळगाव आहे, पिंपळगाव बसवंत, द्राक्षांची मोठी बाजारपेठ. भूगोलात नापास व्हावं अशी ही चूक, आणि केली कुणी, तर शिक्षिकेनं. पण मला सांग, ती माझी एकटीची चूक होती का? चाळीस वर्षं आम्ही दोघी 'पिंपळगाव' म्हणत आलो तेव्हा त्या शब्दात दुसरं कुठलं गाव होतं? आमच्या जिल्ह्यात सिंदखेड राजा आहे, देऊळगाव राजा आहे, त्यांना राजा जोडल्यावाचून भागत नाही. पण आमचं पिंपळगाव मात्र आमच्या तोंडी नुसतं पिंपळगाव असायचं, कारण आमच्यापुरतं ते एकच होतं. आता कुंदा नुसतं 'पिंपळगाव' म्हणत होती आणि तिच्या मनात दुसरंच गाव उभं राहत होतं. शिवाय 'पिंपळगावले' नव्हे, 'पिंपळगावला'. एका अक्षरानं मला इतकं कधी दुखवलं नव्हतं.

"नाही आल्या वाटते," हमीदभाई म्हणाले. मी म्हटलं, "काम निघालं तिले." रोडगे त्यांच्या घरी पाठवून दिले. कुंदाला यातलं काहीच सांगितलं नाही. चार दिवसांनी त्याच दुसऱ्या पिंपळगावाहून घेतलेला द्राक्षांचा खोका माझ्या दारात आला, आणि मागोमाग फोन. "द्राक्षं मिळाली का?" तिनं विचारलं. "अंगूर मिळाले," मी म्हटलं. आमच्याकडे द्राक्षाला अंगूरच म्हणतात, तीही जन्मभर म्हणत आली होती. तशी ती म्हणाली, "तूच ये ना वं इकडं. चार दिवस राह्य." मी लगेच हो म्हटलं. पाहुणचारासाठी नव्हे. वर्ष भरत आलं होतं, आणि कुंदाला सोबत घेऊनच परतायचं असं मी ठरवून टाकलं होतं.

नांदुऱ्याला गाडीत बसले आणि नाशिक रोडला उतरले. कुंदा फलाटावर होती. अंगावर सुती कुर्ता, पायात बूट. बरी दिसत होती, आणि ते मला बरं वाटलं नाही. दुसऱ्याच दिवशी रविवार. वर्षाताई खाली गाडी घेऊन उभ्या. मला त्यांनी पुढच्या जागेवर बसवलं, पाण्याची बाटली दिली, आणि हळू चालवीन, भिऊ नका, असं सांगितलं. मी त्यांच्यात खोट शोधायला आले होते, आणि गाडी सुरू झाल्यापासून त्या मला एकही देत नव्हत्या.

आता तो प्रदेश सुंदर होता हे मी नाकारू कशी? शहर मागं पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मांडव सुरू झाले. सकाळचं तिरकं ऊन पानांतून पाझरून खाली जमिनीवर सांडत होतं, आणि त्या चाळणीदार सावलीत बाया डोक्याला फडकं बांधून घड खुडत होत्या; घडाला बोटांचा ठसा लागू नये म्हणून देठाला धरून, अलगद. दूरवर सह्याद्रीचे सपाट माथे निळसर दिसत होते. आमच्या सपाट मुलखात नजर सैल सोडली की क्षितिजापर्यंत धावत जाते; इथं तिला पावलापावलाला कुणीतरी थांबवत होतं. एका बागेत वर्षाताईंच्या ओळखीचे म्हातारे शेतकरी भेटले. वेलीच्या पीळदार, साल सुटलेल्या खोडावर हात ठेवून ते म्हणाले, "आमच्या आजानं लावली होती बाग. वेली बदलल्या, तारा बदलल्या, पण जागा तीच. पोराला जपावं तसं जपावं लागतं हिला. ढग आला की आम्ही जेवत नाही." त्यांचा हात त्या खोडासारखाच काळा आणि सुरकुतलेला होता. मला एकदम माझ्या वडिलांचा कपाशीवरून फिरणारा हात आठवला, आणि या माणसावर मात्र मला जळता येईना.

दुपारी आम्ही वाइन करतात त्या ठिकाणी गेलो. टेकडीवर दगडी इमारत, खाली उतरत गेलेल्या वेली, पलीकडे धरणाचं पाणी. मी जन्मात द्राक्षासवापलीकडे काही घेतलेलं नाही, तेही वैद्यांनी दिलं म्हणून, दोन चमचे, जेवणानंतर. एका चुणचुणीत मुलीनं आम्हाला उंच टाक्या दाखवल्या, थंड तळघरातली लाकडी पिंपं दाखवली, आणि मग टेबलाशी बसवून प्रत्येकीपुढं पेला ठेवला. आधी प्यायचं नाही, फक्त हुंगायचं, आणि कुठल्या फळाचा वास येतो ते सांगायचं, असा तिथला रिवाज. लोक लिंबू म्हणाले, अननस म्हणाले. मी पेला नाकाशी नेला आणि मला लख्ख कळलं. हा वास मी ओळखत होते. शाळेच्या मागच्या झाडाखाली मधल्या सुट्टीत येणारा, पिकून फुटलेल्या फळाचा वास. मी वर्गात पहिला हात वर करणाऱ्या मुलीसारखी बोलून गेले, "जांब."

ती मुलगी गोड हसली. "जांभूळ ना? ते आपण लाल वाइनमध्ये पाहू या." टेबलाभोवतीचे दोघं-तिघं हसले. मी कुंदाकडे पाहिलं. जांब म्हणजे काय हे त्या टेबलावर माझ्याखेरीज एकटीला तिलाच ठाऊक होतं. त्या झाडाखाली आम्ही दोघींनीच तर तिखट-मीठ लावून ते खाल्ले होते. आणि कुंदा त्या मुलीला म्हणाली, "तिला पेरू म्हणायचंय."

तिला. म्हणायचंय. चार माणसांत आपल्या खेडवळ नातलगाची सारवासारव करावी, तशी ती बोलली. उत्तर बरोबर निघालं, त्या मुलीनं टाळ्या वाजवल्या, वर्षाताई कौतुकानं म्हणाल्या, "मला तो वास सापडायला तीन खेपा लागल्या होत्या हो. आणि जांब! किती छान शब्द आहे." मला वाटलं, आता हा शब्दही या घेऊन जाणार. मी पेला खाली ठेवला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही.

परतताना वर्षाताईंनी महामार्गाच्या कडेला गाडी थांबवली आणि बेदाणे आणायला म्हणून त्या एका दुकानात शिरल्या. गाडीत आम्ही दोघीच उरलो. समोर पाटी होती, पिंपळगाव बसवंतचा रस्ता दाखवणारी. ती पाहून माझा तोल गेला. माघातल्या त्या रविवारचं सगळं मी सांगून टाकलं: झाडलेलं घर, भरलेला माठ, रोडगे, नवी साडी, अकरापासून दीडपर्यंतचं स्टूल. "तुले लाज नाही वाटली?" मी विचारलं. खरं म्हणजे तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लाज कशाची वाटणार?

कुंदानंही ती पाटी वाचली. मग मागच्या जागेवरून तिचा आवाज आला, आमचा, जुना, 'ले' वाला. "मले माहीत नव्हतं वं निमे. चुकलं माह्यं." आणि थोड्या वेळानं, "पण आता सांगूनच टाकतो. मी वापस नाही येत. घर काढून टाकायचं आहे. कोनी चांगलं मानूस पाय अन् देऊन टाक."

"काऊन?" मी विचारलं.

"तिथं मी बिचारी आहो," ती म्हणाली. "पस्तीस वर्स झाले. भाजी घ्यायले गेली तरी बिचारी कुंदा म्याडम. इथं कोनी तसं पायत नाही. वर्षाताईनं आजलोक माह्या मालकाचं विचारलं नाही मले."

मी म्हटलं, गावातल्या लोकांचं काय मनावर घेते, मी तर होते ना तुझ्यासोबत.

"तू बी म्हनत होती वं," कुंदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दर गाडीत."

आणि मला आठवलं. मेहकरच्या गाडीतली टोपलीवाली बाई, लोणारच्या कड्यावर भेटलेलं अकोल्याचं जोडपं, घाटात बंद पडलेल्या बसमधल्या त्या दोन परिचारिका. प्रत्येकीला मी, गप्पिष्ट, मोठ्या मनाची, हळू आवाजात सांगितलं होतं: या माझ्या मैत्रीण, यांचे मिस्टर फार लवकर गेले हो, म्हणून मी यांना जरा बाहेर काढते. आवाज हळू होता, पण कुंदा शेजारीच बसलेली असायची. त्या बाया तिच्याकडे वळून पाहायच्या आणि चुकचुकायच्या, आणि कुंदा खिडकीबाहेर पाहायची. मला वाटायचं, ती निसर्ग पाहते आहे.

तेवढ्यात वर्षाताई आल्या. बेदाण्यांची पुडी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "प्रवासात तोंडात टाकायला." त्यांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडी सुरू केली. तिसऱ्या दिवशी मी नांदुऱ्याला एकटीच उतरले.

शाळा सुरू व्हायच्या आधी बदल्या झाल्या आणि आमच्या शाळेत नवी गणिताची शिक्षिका आली, तिकडची, चंद्रपूरकडची. नवरा-बायको विकत घ्यायला घर शोधत होती. हमीदभाईंनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी कुंदाचं घर उघडून दाखवलं आणि, कबूल करते, त्याचे सगळे दोष आधी सांगितले: न्हाणीघराला ओल येते, मागच्या खोलीत उजेड कमी, शेजारची बाई, म्हणजे मी, फार बोलते. ती मुलगी हसली. घर तिला आवडलं. कुणाचं आहे, असं तिनं विचारलं, तेव्हा माझ्या ओठावर ते जुनं वाक्य आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "माझ्या मैत्रिणीचं. ती नाशिकला असते. फार फिरते." यापेक्षा एक शब्द जास्त बोलले नाही, आणि माझं मलाच बरं वाटलं.

मग तिनं खिडकी उघडली. बाहेर वैशाखाचं ऊन होतं, वावरं नांगरून पडली होती. ती म्हणाली, "म्याडम, मला इकडचं काहीच माहीत नाही. रविवारी एका दिवसात जाऊन येण्यासारखं काही आहे का हो इथून?"

राजूरचा घाट माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला, लोणारचं पाणी, मेहकरचा काळा बालाजी. कुठली गाडी किती वाजता लागते, कुठल्या बाजूच्या खिडकीत ऊन येत नाही, सगळं. या पोरीला सांगितलं असतं तर ती पुढच्याच रविवारी निघाली असती, कदाचित मलाही चला म्हणाली असती. पण कुंदा ज्या खिडकीशी बसायची तिथं ही बसलेली मला सहन झाली नसती.

"नाही हो," मी म्हटलं. "आमच्या इकडे पाहण्यासारखं तसं काहीच नाही."

ती बरं म्हणाली आणि स्वयंपाकघर पाहायला आत गेली. मी ओसरीवर उभी राहिले. वर्षाताईंनी माझ्यासारख्या आंबट तोंडाच्या बाईला पुढच्या जागेवर बसवून दिवसभर आपला मुलूख दाखवला होता, आणि मला त्या पोरीला लोणारच्या गाडीची वेळसुद्धा सांगवली नाही.